असे वाचावे

मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका कॉलेजात मला पत्रकारितेचा इतिहास सांगायला बोलावलं होतं. मी कसला इतिहास सांगणार? तीसेक वर्षं मी धरणगावचा तालुका वार्ताहर होतो. म्हणजे बाजार समितीची निवडणूक, कपाशीवरची बोंडअळी, गणपतीआधीची शांतता समितीची बैठक आणि निधनवार्ता. पण घरी बसून बसून कंटाळा आला होता आणि शाल-नारळ मिळणार होतं, म्हणून गेलो. बातम्यांचं पाकीट आम्ही एसटीच्या कंडक्टरच्या हातात कसं द्यायचो, जळगाव स्टँडवरच्या पेटीतून ऑफिसचा शिपाई ते कसं घेऊन जायचा, ते रंगवून सांगितलं. पोरं माना खाली घालून फोन बघत होती. त्यांचं बरोबरच होतं, एसटीच्या पेटीत बघण्यासारखं काय आहे?

एका मुलीने मात्र हात वर केला. "सर, तुमच्या चुकीची दुरुस्ती कधी पेपरात छापून आली का?"

"एकदा," मी म्हणालो, आणि घाईघाईने मोबाइलच्या जमान्याकडे वळलो. तिला वाटलं असेल की म्हातारा फार अचूक होता, तीस वर्षांत एकच चूक. शेवटी टाळ्या झाल्या. येताना बसमध्ये ती शाल मांडीवर ठेवून बसलो आणि स्वतःचा इतका राग आला की पारोळ्याला उतरून शाल कोणाला तरी देऊन टाकावी असं वाटलं. दिली नाही. घरी आहे, वापरतो.

आमच्या घरात छपाई माझ्या आधीपासून होती. आमचे वडील, आबा, धुळ्याला एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून उलट्या ओळी लावायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शनिवारी धरणगावला घरी येताना ते कच्च्या छापाचे कागद घेऊन यायचे, आणि माझ्या धाकट्या बहिणीला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावायचे. ती वाचायची, आबा हस्तलिखितावर बोट फिरवायचे. स्वल्पविराम आला की तिने "स्वल्पविराम" म्हणायचं, पूर्णविराम आला की "पूर्णविराम". माझ्यावर हे काम सोपवलं तर मी ओळी गाळायचो. तिने कधी वेलांटीसुद्धा सोडली नाही. मोठी बहीण, अक्का, तेव्हाच लग्न होऊन एरंडोलला गेलेली होती. घरात आम्ही दोघंच.

पुढे मी वार्ताहर झालो तेव्हा माझ्या बातम्यांची स्वच्छ प्रत धाकटीच करायची. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जळगावच्या डेस्कवरून निरोप आला होता की अक्षर सुधारा नाहीतर पाकीट पाठवू नका. तिने ते काम अंगावर घेतलं आणि डेस्कवाले मला म्हणू लागले, "तुमचं अक्षर किती सुंदर झालं हो." मी मान डोलवायचो. खरं सांगायला काय हरकत होती? पण नाही सांगितलं.

तालुक्याच्या गावात निधनवार्तेला जे वजन असतं ते पहिल्या पानाला नसतं. मुख्यमंत्री बदलला तर लोक संध्याकाळपर्यंत थांबतील, पण निधनवार्ता सकाळी सातला चहाबरोबर वाचून होते. तिचा साचा ठरलेला असतो. नाव, वय, राहणार कुठले, अल्पशा आजाराने निधन झाले, आणि मग "त्यांच्या पश्चात" इथून पुढे खरा कार्यक्रम. पश्चात कोण कोण, कोणत्या क्रमाने, कोणता जावई नोकरीला आहे म्हणून त्याच्या हुद्द्यासकट. ओट्यावर माणसं घोळका करून यादी सांगायची, आणि एक नाव राहिलं तर दोन घरांचं बोलणं बंद व्हायचं. मुलांची नावं छापायची, मुलींचा आकडा छापायचा. असाच रिवाज होता. प्रत करता करता एकदा धाकटीने मान वर करून विचारलं होतं, "भाऊ, आंडेरनं नाव काबर लिखतस नही?" मुलीचं नाव का लिहीत नाहीत, म्हणून.

"जागा कमी पडते," मी म्हणालो. वार्ताहराकडे हे उत्तर नेहमी तयार असतं.

तिला धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली, आणि दोन वर्षांनी तिने तिथल्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं. जात वेगळी. पत्र पाठवून कळवलं, अक्षर नेहमीसारखं सुरेख. आबांनी ते पत्र उभ्याने वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि मागच्या न्हाणीत जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत बसलेल्या माणसाला ही एक चूक दुरुस्त करता येत नव्हती, म्हणून त्याने सगळा कागदच फाडला. त्यानंतर घरात तिचा विषय बंद झाला. मी मात्र धुळ्याला कामाने गेलो की तिच्याकडे चहाला जायचो, तिच्या लहान मुलीला गोळ्या न्यायचो, आणि धरणगावला परत येऊन जेवताना काही बोलायचो नाही. त्याला मी समजूतदारपणा म्हणत होतो. पळपुटेपणा म्हणायला मला बरीच वर्षं लागली.

आबा गेले ते पहाटे. त्याच दिवशी दुपारी अंत्ययात्रा. धाकटीला कळवायचं होतं आणि मी फोनपर्यंत दोनदा गेलोही. पण आबांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, ओट्यावर बसून होते आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की ती आली तर आपण खांदा देणार नाही. मी फोन केला नाही. मग कागद घेऊन निधनवार्ता लिहायला बसलो, तेव्हा नानांनी यादी सांगायला सुरुवात केली. पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई. "आंडेर एकच लिख," ते म्हणाले.

आतून आईने हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, अवतीभवती बाया. हळू आवाजात म्हणाली, "दोन लिख रे भाऊ. मन्या दोन आंडेरी शेतस."

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय होतं. काहीच नव्हतं, दोनच होत्या. पण मी वार्ताहर होतो, आणि वार्ताहराला आवृत्त्या माहीत असतात. आमच्या पेपरच्या जळगाव आणि धुळे अशा दोन आवृत्त्या निघायच्या. जळगावची धुळ्यात कोणी बघत नव्हतं, धुळ्याची धरणगावात येत नव्हती. आबांचं निम्मं आयुष्य धुळ्यात गेलेलं, तिथे बातमी जाणारच होती. मग मी दोन बातम्या लिहिल्या. जळगाव आवृत्तीसाठी एक मुलगी, धुळे आवृत्तीसाठी दोन मुली. नाना धरणगावात समाधानाने वाचतील. धाकटीला बाप गेल्याचं पेपरातून कळेल, पण कळताना निदान ती त्यात असेल. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. बापाचं प्रेत घरात होतं आणि मला कौतुक वाटलं.

तोवर एसटीचं पाकीट बंद होऊन फॅक्स आला होता. घाईत दोन्ही बातम्या एकाच पानावर एकाखाली एक लिहिल्या. पहिलीच्या डोक्यावर "जळगाव आवृत्तीसाठी", दुसरीच्या डोक्यावर "धुळे आवृत्तीसाठी". प्रत करायला धाकटी नव्हती. अक्षर माझंच. बूथवरून फॅक्स केला आणि स्मशानात गेलो.

पुढे काय झालं ते मला नंतर डेस्कवर कळलं. फॅक्सच्या यंत्राने पानाची पहिली ओळ गिळली. "जळगाव आवृत्तीसाठी" हे शब्द उमटलेच नाहीत. उपसंपादकाने कात्री घेऊन पानाचे दोन तुकडे केले, आणि कात्री मारली ती "धुळे आवृत्तीसाठी" या ओळीच्या खाली. म्हणजे ती ओळ वरच्या बातमीच्या शेपटीला लागली. वरची बातमी गेली धुळ्याला. खालच्या तुकड्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो ठेवला जळगावला. उपसंपादकाची चूक म्हणावी तर तीही नाही. वेगळी दोन पानं घेतली असती तर हे झालं नसतं. खरं तर एकच बातमी लिहिली असती तर कात्रीचं कामच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणगावात पेपर आला, "दोन मुली". आणि धुळ्यात आला, "एक मुलगी".

फोन आधी धाकटीचा आला. ती रडत नव्हती. "भाऊ, आबा गयात?" एवढं विचारून थांबली. मी हो म्हणालो. मग म्हणाली, "ती एक आंडेर कोन शे? अक्काच ना?"

मी म्हणालो, "अगं, छपाईची चूक आहे. मी दोनच लिहिलं होतं, बघ. दुरुस्ती देतो."

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची ती मुलगी. छपाईची चूक म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. वेलांटी तुटते, रफार उडतो. "दोन मुली"ची "एक मुलगी" छपाईत होत नाही. पण ती म्हणाली, "बरं. दे दुरुस्ती. मी वाट पाहते." आणि फोन ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिने ठरवलं होतं. ते ऐकताना मला समजलं होतं आणि तरीही मी सुटल्यासारखा श्वास सोडला.

तासाभरात नाना पेपर घेऊन आले. माणसं दारावर येत होती, म्हणजे सांत्वनाला, आणि नाना दारातच उभे राहून बोलले, "बठ्ठं गाव इचारी ऱ्हायनं, दोन आंडेरी कथाईन उन्यात? तू पेपरवाला शे ना? मंग दुरुस्त कर." सगळं गाव विचारतंय, दोन मुली आल्या कुठून, म्हणून. फोनवर भागणार नाही, समोर उभं राहून लिहून घेऊ, असं म्हणत ते माझ्याबरोबर जळगावच्या बसमध्ये बसलेसुद्धा. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. मी मनात ठरवत होतो की डेस्कवर गेलो की गुपचूप दोन दुरुस्त्या देऊ, इकडे एक, तिकडे दोन. अजूनही मला आवृत्त्यांचाच आधार वाटत होता.

आमचा पेपर दुरुस्ती छापत नसे. हे वाचकांना माहीत नव्हतं, आम्हाला पक्कं माहीत होतं. आमदाराच्या भाषणात भलताच तालुका पडला, जिवंत माणसाला मृत छापलं, तरी दुरुस्ती नाही. फार झालं तर दुसऱ्या दिवशी तीच बातमी नव्याने छापायची, जुनीचं नाव काढायचं नाही. माझ्या कितीतरी खऱ्या चुका तशाच पोटात घालून त्या पेपराचे गठ्ठे आजही कुठेतरी पडलेले असतील. पण माझे वडील गेलेले, मी जुना वार्ताहर, अंगावर सुतकाचे कपडे, म्हणून उपसंपादक म्हणाला, "तुमच्यासाठी छापतो." त्याने कात्रीचा प्रकार सांगितला, मनापासून वाईट वाटलं म्हणाला. मी बाजूला घेऊन दोन दुरुस्त्यांचं सुचवायला गेलो. तो हसलाही नाही. "दुरुस्ती दोन आवृत्त्यांना दोन कशी देणार? एकच जाईल, दोन्हीकडे. मजकूर सांगा. मुली किती?"

नाना माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, सांत्वन करतात तसा. उपसंपादकाच्या हातात पेन होतं आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं की आम्हा भावंडांत मुली किती. तो फक्त विचारत होता. इतक्या वर्षांत मी लोकांना जो प्रश्न विचारत आलो, तोच.

"एक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आवृत्त्यांत चौकट आली. "निधनवार्तेत नजरचुकीने 'दोन मुली' असे प्रसिद्ध झाले. ते 'एक मुलगी' असे वाचावे." नजरचुकीने हा शब्द माझाच. तीस वर्षांत माझ्या नावावर छापून आलेली एकमेव दुरुस्ती, आणि दुरुस्तीच्या आधी जे छापलं होतं ते खरं होतं.

धुळ्यातल्या वाचकांना ती चौकट वाचून काही अर्थ लागला नसेल. त्यांच्या पेपरात "दोन मुली" कधी आलंच नव्हतं. पण जिला अर्थ लागायचा तिला लागला. दोन असं कुठेतरी छापलं गेलं होतं, आणि भावाने ऑफिसात जाऊन ते खोडून आणलं होतं, हे तिला त्या दोन ओळींतून कळलं असणार. ती दुरुस्तीची वाट बघत होती, आणि दुरुस्ती आली. तिचा फोन पुन्हा आला नाही. मी तीन वेळा केला. तिच्या यजमानांनी उचलला, सभ्यपणे बोलले, ती कामात आहे म्हणाले.

आईला वाचता येत नव्हतं. तिने मला पहिल्या दिवसाचं कात्रण वाचायला लावलं, धरणगावात आलेलं. मी वाचलं, "दोन मुली." ते खोटं नव्हतं, तिथे तसंच छापलं होतं. आईने कात्रण तिच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. दुरुस्तीची चौकट मी तिला दाखवली नाही. ती शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली की माझ्या पोराने पेपरात दोन लिहिलं, कोणाला भ्याला नाही. मी तिथे बसून ऐकायचो.

आई गेली तेव्हा मी दोन लिहिलं, आणि धाकटीला फोनही केला. नाना तोवर अंथरुणाला खिळले होते, हरकत घेणारं कोणी राहिलं नव्हतं. हरकत घेणारं कोणी नसताना खरं लिहायला काय लागतं? ती आली, बायांमध्ये बसली, अक्काच्या गळ्यात पडून रडली. निघताना माझ्याकडे बघून मान हलवली, परक्या माणसाला हलवतात तशी.

मग फॅक्सही गेला. आता पेपर सकाळी फोनवर येतो, कोणीतरी गटावर टाकतं, जळगावचा, धुळ्याचा, नाशिकचा, सगळ्या आवृत्त्या एकाखाली एक. आता मला दोन बातम्या लिहून लपायला जागा राहिली नसती. तसाच एका सकाळी मी धुळ्याचा पेपर बोटाने वर सरकवत होतो. निवृत्त झालो तरी निधनवार्ता वाचायची सवय गेलेली नाही. तिथे माझ्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. तिला बाप गेल्याचं पेपरातून कळलं होतं, मला बहीण गेल्याचं पेपरातून कळलं.

"त्यांच्या पश्चात पती, एक मुलगी" आणि पुढे त्या मुलीचं नाव, आडनावासकट, मग जावई, नात असा परिवार. माहेरचा उल्लेख नाही. आमच्याकडे अशा बातमीत "त्या अमक्यांच्या भगिनी होत" असं शेवटी एक वाक्य असतं, सख्खा भाऊ असला तर असतंच. ते मी खाली सरकवून शोधलं. खाली दुसऱ्या कोणाची तरी बातमी सुरू झाली होती.

धुळ्याला दारावर गेलो. भाची तिच्या आईसारखीच दिसते, हनुवटी तशीच. तिने पाणी दिलं, बसवलं. मी आजाराचं विचारलं, शेवटचे दिवस विचारले आणि मग राहवलं नाही म्हणून बातमीचं विचारलं. कोणी लिहिली, म्हटलं. तिला वाटलं मला काहीतरी खटकलं. "काही राहिलंय का मामा? आता ऑनलाइनला दुरुस्ती लगेच होते, मी आत्ता फोन करते."

मी काही बोलायच्या आत ती उठली आणि कपाटातून एक वहीचा कागद घेऊन आली. "आईनेच लिहून ठेवलं होतं. फक्त तारीख आणि वय भरायचं, बाकी काही हलवायचं नाही म्हणाली."

अक्षर तेच. माझ्या बातम्यांना जे अक्षर होतं ते. वर साचा जसाच्या तसा, मी तिला शिकवलेला, "त्यांच्या पश्चात" पासून. खाली एक ओळ सोडून तिने डेस्कसाठी सूचना लिहिली होती, मी लिहायचो तशी, खाली रेघ मारून: "दोन्ही आवृत्त्यांना हाच मजकूर."

भाची फोन हातात घेऊन उभी होती. "काय दुरुस्ती सांगू, मामा?"

मी कागद पुन्हा वाचला, आबा वाचायला लावायचे तसा, प्रत्येक स्वल्पविराम, पूर्णविराम मनात म्हणत. चूक एकही नव्हती.